बिघडलेले युजर प्रोफाइल हटवून नव्याने कसे तयार करावे

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावच्या सेवा केंद्रात, पीक विम्याचे अर्ज भरण्याची घाई सुरू असताना, एके सकाळी संगणकाचा डेस्कटॉप कोरा दिसू लागला. सातबाऱ्यांच्या स्कॅनचे फोल्डर गायब झाले होते आणि पडद्याच्या कोपऱ्यात तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये लॉगिन झाल्याची इंग्रजी सूचना आली होती. पन्नीत सातबारा आणि पासबुक गुंडाळून शेतकरी बाहेर रांगेत उभे असल्यामुळे केंद्रचालकाने ती सूचना बंद केली आणि काम चालू ठेवले. सायंकाळी संगणक बंद झाला आणि दिवसभर डेस्कटॉपवर साठवलेले सगळे कागद त्यासोबत गेले. तात्पुरते प्रोफाइल साइन आउट होताच विंडोज पुसून टाकते, म्हणून ही सूचना दिसल्यावर त्या लॉगिनमध्ये एकही फाइल साठवू नये.

दुसऱ्या दिवशी त्यांना ‘फॉरमॅट मारून घ्या’ असा सल्ला मिळाला. मी तेथे गेलो तेव्हा त्याची काहीच गरज नव्हती, कारण विंडोज ठणठणीत होते आणि बिघाड फक्त एका प्रोफाइलमध्ये होता. प्रत्येक वापरकर्त्याचे डेस्कटॉप, कागदपत्रे आणि सेटिंग्ज सी ड्राइव्हवरील ‘युजर्स’ फोल्डरमध्ये त्याच्या नावाच्या फोल्डरात राहतात, यालाच त्याचे प्रोफाइल म्हणतात. त्यातच ‘एनटीयुजर डॉट डॅट’ नावाची एक लपलेली फाइल असते आणि त्या वापरकर्त्याच्या बहुतेक सेटिंग्ज तिच्यात नोंदवलेल्या असतात. आपण लॉगिन असेपर्यंत ही फाइल उघडी राहते. नेमके तिच्यात काही लिहिले जात असताना लाइन गेली आणि संगणकाला यूपीएस नसला, तर फाइल अर्धवट राहून प्रोफाइल बिघडू शकते. आपल्याकडे वादळवाऱ्यात गावठाण फीडर किती वेळा बंद पडतो हे सांगायला नको.

प्रथम संगणक एक-दोनदा रिस्टार्ट करून पाहावा, कारण काही वेळा एवढ्यानेच जुने प्रोफाइल परत उघडते. न उघडल्यास सेटिंग्जमधील ‘अकाउंट्स’ विभागात जाऊन एक वेगळे लोकल अकाउंट (फक्त त्या संगणकापुरते, मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्याशी न जोडलेले) तयार करावे आणि ‘चेंज अकाउंट टाइप’ मधून त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचा दर्जा द्यावा. आता संगणक रिस्टार्ट करून थेट या नव्या अकाउंटमध्ये लॉगिन करावे. नुसते ‘स्विच युजर’ करू नये, कारण त्यामुळे बिघडलेले प्रोफाइल मागे उघडेच राहते आणि पुढे ‘डिलीट’चे बटण दाबले जात नाही. या अकाउंटमध्येही तोच त्रास दिसला, तर दोष प्रोफाइलचा नसून विंडोजचा किंवा हार्ड डिस्कचा आहे असे समजावे आणि पुढील काहीही करू नये.

बॅकअपच्या कामाला मात्र हवा तेवढा वेळ द्यावा. ‘युजर्स’मध्ये जाऊन जुन्या नावाचे फोल्डर उघडावे. परवानगी विचारल्यास ‘कंटिन्यू’ म्हणावे आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स व पिक्चर्स ही फोल्डर बाहेरील हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. डेस्कटॉप रिकामे दिसले तर वनड्राइव्हचे फोल्डर तपासावे, कारण पुष्कळदा फाइल तिकडे वळवलेल्या असतात. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरांची ‘प्रॉपर्टीज’ उघडून फाइलींची संख्या जुळवावी आणि दोन-चार फाइल उघडून पाहाव्यात. ‘एनटीयुजर’ने सुरू होणाऱ्या फाइल सोबत घेऊ नयेत, त्या नव्या प्रोफाइलमध्ये टाकल्यास जुना बिघाडच परत येईल.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. पहिली म्हणजे ब्राउझरमधील पासवर्ड. ते त्या प्रोफाइलशी जोडलेल्या किल्लीने कुलूपबंद असतात, त्यामुळे ब्राउझरचे फोल्डर नव्या प्रोफाइलमध्ये नेऊन ते पासवर्ड उघडतील अशी आशा ठेवू नये. जुने लॉगिन एकदा जरी नीट उघडले, तरी त्याच वेळी ते गुगल अकाउंटशी सिंक करावेत किंवा वहीत उतरवावेत. दुसरी गोष्ट मराठी फॉन्टची. २०१८ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून साध्या ‘इन्स्टॉल’ बटणाने टाकलेला फॉन्ट फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसतो आणि प्रोफाइलसोबत जातो. ग्रामपंचायतीचे जुने ठराव कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील, तर फॉन्ट गेल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो आणि फाइलच बिघडली असे वाटते. फॉन्टची मूळ फाइल जपून ठेवावी आणि पुन्हा टाकताना उजवे क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ निवडावे.

आता हटवण्याचे काम. ‘युजर्स’मधील फोल्डर थेट डिलीट करू नये, कारण त्यामुळे रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे नोंदवते त्या साठ्यातील, नोंद तशीच राहते आणि फोल्डर न सापडल्यामुळे विंडोज पुन्हा तात्पुरतेच प्रोफाइल देऊ शकते. सेटिंग्जमधून अकाउंट काढून त्याच नावाने नवे उघडणेही मी टाळतो, कारण नाव सारखे असले तरी विंडोज आतून त्याला नवा ओळख क्रमांक देते आणि मग जुन्या फाइलींच्या परवानग्या अडतात. योग्य मार्ग असा: स्टार्टमध्ये ‘व्ह्यू ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज’ शोधून उघडावे, ‘युजर प्रोफाइल्स’ या चौकटीतील ‘सेटिंग्ज’ दाबावे, यादीतून बिघडलेले नाव निवडून ‘डिलीट’ करावे. यात अकाउंट आणि पासवर्ड कायम राहतात, फक्त प्रोफाइल जाते. फाइल पुष्कळ असल्यास वेळ लागतो, म्हणून लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि डेस्कटॉप संगणकाला यूपीएस असावा.

यानंतर रिस्टार्ट करून जुन्याच अकाउंटने, जुन्याच पासवर्डने लॉगिन करावे. विंडोज ‘डिफॉल्ट’ फोल्डरच्या नमुन्यावरून नवे प्रोफाइल तयार करते. त्याला काही मिनिटे लागतात, तेवढ्यात बटण दाबून संगणक बंद करू नये. पुन्हा तात्पुरतेच प्रोफाइल उघडले, तर कोणीतरी आधी फोल्डर हाताने हटवले असण्याची शक्यता असते. अशा वेळी रजिस्ट्रीतील ‘प्रोफाइललिस्ट’मध्ये त्या अकाउंटची शिल्लक नोंद शोधून काढावी लागते, त्यापूर्वी ती नोंद ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवावी आणि हात बसलेला नसेल तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

सर्व ठीक उघडल्यावर कागदपत्रे आपापल्या फोल्डरात परत ठेवावीत, मराठी कीबोर्ड जोडावा आणि डिफॉल्ट प्रिंटर निवडावा. सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची (पूर्वीचे ग्रामसेवक) डिजिटल स्वाक्षरी यूएसबी टोकनमध्ये असल्यास ती टोकनमध्येच सुरक्षित राहते, तरीही एक कागद स्वाक्षरी करून पाहावा. सी ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘टूल्स’मध्ये जाऊन ‘चेक’ करून घ्यावे. तेथे चुका निघाल्या तर बिघाडाचे मूळ डिस्कमध्येही असू शकते. बॅकअप निदान महिनाभर पुसू नये, आणि नवे ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंट तसेच राहू देऊन त्याचा पासवर्ड केंद्राच्या कुलूपबंद कपाटातील रजिस्टरमध्ये लिहून ठेवावा.