टीव्ही चालू असताना स्मार्ट स्पीकरवर संगीत कसं लावावं

सामना बघायचाय, पण समालोचन नको. किंवा टीव्हीवर बातम्या चालू राहू द्यायच्यात आणि मागे हलकेच सूर हवेत. घरात स्मार्ट स्पीकर असेल तर दोन्ही जमतं. तरीही बहुतेक वेळा पाच मिनिटांत कोणीतरी वैतागतं, "दोन्हीपैकी एक काहीतरी बंद करा!" मग आपण आवाज कमी-जास्त करत बसतो. माझा अनुभव असा की खरी गडबड बऱ्याचदा स्पीकरच्या जागेत असते. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

पायरी १ : स्पीकर टीव्हीपासून लांब न्या

प्लग तिथेच असतो म्हणून स्पीकर टीव्हीशेजारी ठेवला जातो. मग दोन्ही आवाज एकाच दिशेने येतात आणि त्यांचा गोळा होतो. गर्दीत चार जण एकदम बोलत असले तरी आपण हव्या त्या माणसाचं बोलणं कसं पकडतो, यावर कॉलिन चेरी या ब्रिटिश संशोधकाने १९५३ मध्ये प्रयोग केले होते. या क्षमतेला 'कॉकटेल पार्टी परिणाम' म्हणतात. आवाज वेगवेगळ्या दिशांनी आले की कानांना ही निवड करणं खूप सोपं जातं. टीव्ही समोर असेल तर स्पीकर बसायच्या जागेच्या बाजूला किंवा थोडा मागे ठेवा. आवाजाची पातळी तीच ठेवून नुसती जागा बदलून बघा. संवाद लगेच मोकळे ऐकू येतात.

स्पीकर कोपऱ्यात भिंतीला टेकवू नका. तिथे खालचे, घुमणारे सूर फुगतात आणि बोलण्यावर पसरतात. भिंतीपासून वीतभर तरी पुढे असू द्या.

पायरी २ : गाणं नेमकं कुठे वाजणार ते ॲपमध्ये ठरवा

"गाणी लाव" म्हटलं आणि सामना बंद पडून टीव्हीवरच गाणी सुरू झाली, असं पुष्कळदा होतं. टीव्ही आणि स्पीकर ॲपमध्ये एकमेकांशी जोडलेले असतात, त्यामुळे आज्ञा कोणासाठी आहे याचा घोळ होतो.

गूगल होम ॲपमध्ये स्पीकरच्या सेटिंगमध्ये जाऊन संगीतासाठी डिफॉल्ट स्पीकर निवडता येतो. तिथे टीव्हीचं नाव असेल तर बदला. ॲलेक्सा ॲपमध्ये खोलीचा गट केलेला असेल तर त्या गटाचा पसंतीचा स्पीकर कोणता आहे ते तपासा. शिवाय प्रत्येक उपकरणाला स्पष्ट, एकमेकांपासून वेगळं वाटणारं नाव द्या. 'हॉल टीव्ही' आणि 'हॉल स्पीकर' ही नावं फार जवळची आहेत. आज्ञा देताना नाव घ्यायची सवय लावून घेतली की निम्मे घोळ मिटतात.

टीव्ही याच स्पीकरला ब्लूटूथने जोडलेला असेल तर आधी ती जोडणी तोडा. स्पीकर एका वेळी एकच आवाज वाजवतो. टीव्हीचा आवाज आणि गाणं तो एकत्र करून देत नाही.

आणखी एक गोष्ट. स्पॉटिफायसारख्या सेवांवर एका खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणी वाजतात. आतल्या खोलीत कोणी त्याच खात्यावर गाणं लावलं की तुमचं थांबतं. स्पीकर बिघडला असं समजून तो पुन्हा पुन्हा बंद-चालू करण्याआधी घरात विचारून घ्या. फॅमिली प्लॅन असेल तर प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवा.

पायरी ३ : आवाज जुळवा, तोही या क्रमाने

आधी फक्त टीव्ही लावा. संवाद आरामात कळतील इतका आवाज ठेवा आणि मग त्याला हात लावू नका. आता संगीत अगदी शून्यापासून हळूहळू वाढवा. ज्या क्षणी टीव्हीवरचा एखादा शब्द निसटतो, तिथे थांबा आणि दोन पावलं मागे या. तीच तुमच्या खोलीतली योग्य पातळी.

उलट्या क्रमाने केलं तर फसतं. गाणं आधी मोठं असलं की टीव्ही वाढवावा लागतो, मग गाणं दबल्यासारखं वाटतं, मग ते वाढतं, आणि शेवटी दोन्ही ओरडत असतात.

बारीक फरकासाठी बोलून आज्ञा देण्यापेक्षा फोनवरच्या ॲपमधली पट्टी वापरा. ॲलेक्साला आवाज ० ते १० अशा आकड्यांत सांगायची पद्धत आहे, आणि हळू संगीतासाठी २ आणि ३ मधलं अंतरही कधी कधी मोठं पडतं.

ही पातळी तुमच्या कानांवर ठरवू नका, ही माझी कळकळीची विनंती. वय वाढतं तसे वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येऊ लागतात, आणि शब्द ओळखू येण्यात त्या पट्टीतल्या व्यंजनांचा वाटा मोठा असतो. मागे संगीत असताना बोलणं समजणं ज्येष्ठांना आपल्यापेक्षा फार कठीण जातं. आमच्या घरी आईने कितीतरी दिवस तक्रार केली नाही. ती नुसती चित्र बघत बसायची आणि मला वाटायचं तिला मजा येतेय. खोलीत सगळ्यात कमी ऐकू येणारं जे माणूस असेल, त्याला विचारून आवाज ठरवा.

पायरी ४ : संवाद असतील तर शब्द नसलेलं संगीत लावा

टीव्हीवर माणसं बोलत असतील तर मागे गाणं नको, वाद्यसंगीत हवं. दोन ठिकाणचे शब्द एकाच वेळी कानावर पडले की लक्ष दोन्हीकडे ओढलं जातं, मग आवाज कितीही हळू असो. एकसारख्या चालीचं, मध्येच एकदम उसळी न घेणारं वादन उत्तम.

टीव्ही मूक करून बघत असाल तर हे बंधन नाही. हवी ती गाणी लावा, सबटायटल सुरू करा. सामना असेल तर धावफलक पडद्यावर असतोच.

पायरी ५ : टीव्हीचं बोलणं ऐकून स्पीकर जागा होऊ नये म्हणून

स्पीकरला टीव्हीतला माणूस आणि घरातला माणूस यातला फरक नेहमीच कळतो असं नाही. एप्रिल २०१७ मध्ये बर्गर किंगने अमेरिकेत एक जाहिरात दाखवली होती. तिच्यातला माणूस मुद्दामच 'ओके गूगल' म्हणून प्रश्न विचारायचा आणि लोकांच्या घरातले गूगल होम उत्तर द्यायला लागायचे. हेतू नसतानाही मालिकेत, बातम्यांत तसा शब्द आला की हेच होऊ शकतं. स्पीकर दचकून गाण्याचा आवाज खाली आणतो आणि काहीतरी बोलायला लागतो.

पहिल्या पायरीत स्पीकर टीव्हीपासून लांब नेलात, त्याचा इथेही फायदा होतो. त्याखेरीज ॲलेक्साचा हाक मारायचा शब्द ॲपमधून बदलता येतो, आणि गूगल होम ॲपमध्ये हाकेला किती चटकन प्रतिसाद द्यावा ते कमी-जास्त करता येतं. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे स्पीकरवरचं मायक्रोफोन बंद करायचं बटण. मग गाणी फोनवरून बदला.

सूचनांचा व्यत्यय नको असेल तर डू नॉट डिस्टर्ब सुरू करा. त्यातही अलार्म आणि टायमर वाजतात, म्हणून दूध तापत ठेवून टायमर लावला असेल तरी काळजी नाही.

टीव्हीचाच आवाज स्पीकरवर हवा असेल तर

ही वेगळी गरज आहे, पण लोक दोन्हींची गल्लत करतात म्हणून थोडक्यात सांगतो. ब्लूटूथने आवाज साधारण १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. आवाज चित्रापेक्षा सव्वाशे मिलिसेकंद मागे पडला की तो प्रेक्षकांच्या लक्षात येऊ लागतो, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत नोंदवलंय. म्हणजे ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. टीव्हीतल्या 'ऑडिओ डिले' सेटिंगने हे सहसा सुधारत नाही, कारण ते आवाजाला आणखी मागे ढकलतं. इथे उशिरा दाखवायला हवं असतं ते चित्र.

त्यापेक्षा त्याच कंपनीचं स्ट्रीमिंग उपकरण आणि स्पीकर जोडा: फायर टीव्हीला त्याच्याशी चालणारा एको (ॲमेझॉनचा ॲलेक्सावाला स्पीकर), ॲपल टीव्ही ४केला होमपॉड (ॲपलचा स्पीकर). ही जोडी वायफायवर चालते आणि चित्र-आवाज जुळवून घेते. मात्र टीव्हीचा स्वतःचा स्पीकर तेव्हा बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

रोजचंच असेल तर

हे सगळं दर वेळी करायची गरज नाही. ॲलेक्सा किंवा गूगल होमच्या ॲपमध्ये रूटीन करा: एका वाक्यावर ठरलेला आवाज आणि ठरलेली प्लेलिस्ट. आवाजाचा आकडा तिसऱ्या पायरीत सापडलेला टाका. आणि टीव्ही बघता बघता झोप लागत असेल तर लावतानाच स्पीकरला सांगून ठेवा, 'चाळीस मिनिटांनी संगीत बंद कर'. टीव्हीचा स्लीप टायमर मात्र वेगळा लावावा लागेल. ही आज्ञा फक्त गाणी थांबवते.