बातम्यावाली बाई फुगली होती

लातूरला घरी ३२ इंची टीव्ही लावला, तर बातम्या देणारी बाई पार फुगलेली, अन् खालची सरकती पट्टी अर्धी कापलेली. आई म्हणाली, "ही कशानं सुजली गं?" टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये एक-दोन पर्याय फिरवून पाहिले, बाई काही बारीक होईना. खोड सेट टॉप बॉक्सची होती! चॅनेल जुन्या ४:३ मापाचं, म्हणजे रुंदी ४ तर उंची ३. बॉक्स ते आताच्या रुंद १६:९ पडद्याएवढं ओढूनच पुढं पाठवायचा. मग टीव्ही बिचारा आलं तेच दाखवणार! बॉक्सच्या सेटिंगमध्ये 'स्ट्रेच' काढून 'पिलरबॉक्स' केलं, म्हणजे चित्र न ओढता कडेची जागा काळी सोडायची. खालची पट्टी मात्र टीव्हीच्या ओव्हरस्कॅननं, म्हणजे चित्र थोडं मोठं करून कडा कापायच्या सवयीनं, खाल्ली होती; टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये 'जस्ट स्कॅन', म्हणजे न कापता पूर्ण चित्र, निवडलं. काही टीव्हीत त्यालाच 'स्क्रीन फिट' म्हणतात. आता कडेला दोन काळ्या पट्ट्या असतात. आईला वाटतं, दुकानदारानं लहान टीव्ही दिला.