पाणचक्की बघायला साताऱ्याहून निघण्याआधी

संभाजीनगरची पाणचक्की म्हणजे पाण्याच्या धारेवर फिरणारं जुनं जातं, साताऱ्याहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. एवढं जाऊन थांबलेलं जातंच बघायचं असेल तर ते आजीच्या माजघरातही आहे. म्हणून पहिली तयारी गाडीची नाही की बॅगेची नाही, चौकशीची. ‘पाणचक्की उघडी आहे का?’ असं विचारू नका. तिकीट मिळतं, हौद दिसतो, वडाची सावली असते, त्यामुळे उत्तर ‘हो’ असंच येणार. विचारायचं ते असं: ‘जातं फिरतंय का? आज फिरताना तुम्ही स्वतः पाहिलंत का?’ लॉजवाल्याला विचारून उपयोग नाही, तो ‘या या’च म्हणणार. तिकडं कुणी पाहुणा, मित्राचा मित्र असेल तर त्याला पाठवा आणि दहा सेकंदांचा व्हिडिओ मागवा. फोटो नको. फोटोत थांबलेलं आणि फिरणारं जातं सारखंच दिसतं.

हौद भरलाय म्हणून जातं फिरत असेल, हेही गृहीत धरू नका. पाणी डोंगराकडच्या उगमापासून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येतं. नळ बंदिस्त, म्हणून उतारावरून आलेलं पाणी आपल्याच दाबानं पुन्हा वर चढतं आणि उंचावरून पडतं. एखादा सांधा गळला किंवा उगम आटला की दाब पडतो. मग हौदात तेवढं पाणी दिसतं, पण पात्यांवर जोरात आदळायला धार उरत नाही. एप्रिल-मेचा बेत म्हणूनच नको. पोरांना सुट्टी तेव्हाच असते हे मान्य, पण पाण्याला ते माहीत नाही. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर, हा काळ बरा. तेव्हाही आधी विचारायचंच.

जाण्याआधी अर्धा दिवस काढून लिंबची बारामोटेची विहीर बघून या. साताऱ्यापासून पंधरा-सोळा किलोमीटर. शके १६४१ ते १६४६ म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ मधलं, वीरूबाई भोसले यांनी करवून घेतलेलं बांधकाम. मोटेच्या जागा आणि मोटेचं पाणी ओतलं जाई ती थारोळी नीट पाहा. तिथं मोट ओढणारे बैल धावेवरून, म्हणजे उतरत्या वाटेवरून, खाली जात आणि पाणी वर येई. पाणचक्कीत पाणी खाली पडतं आणि दगड फिरतो. हा उलटा हिशेब डोक्यात असला की तिथं कुणी समजावायला नसलं तरी अडत नाही. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या मात्र या यादीत धरू नका, त्या वीज करतात, दळत नाहीत.

काय बघायचं ते आधी ठरवा, नाहीतर सगळे कारंज्यापाशी सेल्फी काढून बाहेर. दळणाची जागा शोधा. चाक जात्याच्या खाली, आडवं असतं. पाण्याची धार पात्यांवर बसते, उभा दांडा जात्याच्या खालच्या तळीतून, म्हणजे खालच्या दगडातून, वर जातो आणि वरची तळी फिरवतो. मध्ये दातेरी चाक नाही, म्हणजे चाकाचा एक फेरा तो दगडाचाही एक फेरा. तोंडात दाणे वैरलेले आहेत का पाहा. रिकामं जातं फिरवलं तर दगडावर दगड घासून छिन्नीनं पाडलेल्या टाकीच्या खाचा झिजतात. त्यामुळे पाणी असूनही दाखवण्यापुरतंच, थोडा वेळ जातं सोडतात असं कळलं तर वेळ विचारून घ्या. पुन्हा तेच: वेळ विचारा. ‘दिवसभर चालू’ यावर विसंबू नका.

बॅगेत बारीक झोताची बॅटरी हवी, मोबाईलचा उजेड पसरतो आणि अंधारातलं काही दिसत नाही. तुषार उडतात, मोबाईलला प्लास्टिकची पिशवी. चपला पकड असलेल्या, दगडांवर शेवाळ असतं. पाणी, टोपी, सुट्टे पैसे हे काय सांगायचं.

आवारात बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आणि मशीद आहे. डोक्याला रुमाल ठेवा, दर्ग्यात चपला बाहेर, शुक्रवारी दुपार टाळा. हौदाच्या तळाखाली खांबांवर उभं मोठं दालन आहे, म्हणजे वरचं पाणीच त्याचं छत. विचारून, परवानगी असेल तर खाली जा. बस घेऊन जाणार असाल तर पाणचक्कीजवळच्या महमूद दरवाजाच्या अरुंद वाटेत शिरू नका, अलीकडेच उतरा.

रस्ता: पुण्याच्या कोंडीतून जाण्यापेक्षा फलटण, बारामती, दौंड, अहिल्यानगर. सात-आठ तास धरा, दुपारी निघून रात्री पोचा, चक्की सकाळी. आणि निघायच्या आधी त्या पाहुण्याला परत फोन. आठवड्यापूर्वीचा व्हिडिओ म्हणजे आजचं पाणी नव्हे.

उरलेल्या वेळात बीबी का मकबरा जवळच आहे. वेरूळची लेणी मंगळवारी बंद, अजिंठ्याची सोमवारी. परतताना दौंडपासून पुढं अंधार पडायच्या आत रस्ता काटा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो.