लिनक्स येतं, आता पुढे काय?

नांदेडला किंवा परभणीला स्वस्तातला लॅपटॉप घ्यायला गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला, "विंडोजवाला दाखवू का डॉसवाला?" डॉसवाला चार पैसे स्वस्त पडतो म्हणून तोच घेतला जातो. मग तिथंच काउंटरवर पेन ड्राइव्ह लावून कुठूनतरी आणलेली विंडोज त्यावर चढते. आधी त्या मशीनवर काय होतं, हे कुणी बघत नाही. बऱ्याचदा ते फ्रीडॉस असतं. मायक्रोसॉफ्ट एमएस-डॉस गुंडाळणार असं दिसल्यावर जिम हॉल नावाच्या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने १९९४ मध्ये ते सुरू केलं. ते अजून जिवंत आहे, १.४ आवृत्ती २०२५ मध्ये आली. म्हणजे एक अनोळखी ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम आपल्याकडे कित्येकांनी विकत घेतली आणि तासाभरात पुसूनही टाकली.

मी नांदेडला एमसीए केलं. आता छत्रपती संभाजीनगरात वाळूजच्या कारखान्यांची नेटवर्क आणि फायरवॉलची कामं बघतो. कॉलेजातल्या पोरापोरींचे फोन येतात, "दादा, उबुंटू टाकलंय, कमांड येतात, आता पुढे काय?" त्यांना क्लाउडच्या एखाद्या सर्टिफिकेटचं नाव ऐकायचं असतं. ते सर्टिफिकेट जरूर करा. पण हातात अजून वर्ष-दोन वर्षं असतील तर लिनक्सपलीकडची एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम धरा आणि तिच्यातच राहा. दहा सिस्टिमचे स्क्रीनशॉट जमवून काही मिळत नाही. एकच, पण आतून.

आतून म्हणजे काय, ते सांगतो. लिनक्सचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम सांभाळणारा गाभा, काही कोटी ओळींचा आहे. तो कुणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत नाही, त्यावर रोज काम करणारेही नाहीत. उलट एमआयटीने शिकवण्यासाठी २००६ मध्ये तयार केलेली एक्सव्ही६ ही सिस्टिम दहा हजार ओळींच्या आत संपते. १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर ती बांधलेली आहे, आणि तिच्या सोबतचं पुस्तक फुकट मिळतं. आपल्याकडे सेकंड इयरला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे गँट चार्ट काढायचे, बँकर्स अल्गोरिदमची गणितं सोडवायची आणि आठ मार्क घ्यायचे. खरा शेड्युलर, म्हणजे कुठल्या प्रोसेसला सीपीयू कधी द्यायचा हे ठरवणारा कोड, कुणी पाहिलेला नसतो. एक्सव्ही६ मध्ये तो एका फंक्शनमध्ये मावतो. प्रोसेसच्या तक्त्यावरून एक लूप फिरते. पळायला तयार असलेली प्रोसेस सापडली की तिची अवस्था बदलते, सीपीयू तिच्या हवाली होतो, ती परत आली की लूप पुढे सरकते. बस, एवढंच. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की गँट चार्टही कळायला लागतो.

उबुंटूवर क्यूएमयू (आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम) टाका, आरआयएससी-व्ही या प्रोसेसरसाठीचा कंपायलर टाका, एक्सव्ही६ च्या फोल्डरमध्ये जाऊन 'मेक क्यूएमयू' म्हणा. चार जीबी रॅमच्या मशीनवर सहज चालतं, कारण त्या आभासी मशीनला १२८ एमबीच लागते. पहिल्या दिवशी सगळे एकाच ठिकाणी अडकतात, आत गेल्यावर बाहेर कसं यायचं? कंट्रोल आणि ए दाबा, सोडा, मग एक्स. त्यानंतरचा पहिला अभ्यास म्हणजे स्वतःची एक सिस्टिम कॉल घालणं, म्हणजे प्रोग्रामला कर्नलकडे काम मागायचा एक नवा मार्ग. काही विशेष नको, चालू प्रोसेसची संख्या सांगणारी असली तरी पुरे. एवढ्याशा कामासाठी पाच फायलींना हात लावावा लागतो. कॉलचा नंबर एका ठिकाणी, तक्त्यातली नोंद दुसरीकडे, खरं काम तिसरीकडे, वापरणाऱ्या प्रोग्रामसाठीची घोषणा चौथीकडे आणि कर्नलमध्ये उडी मारणारा तुकडा बनवणारी पर्लची छोटी स्क्रिप्ट पाचवीकडे. यातली एक विसरलात तर कंपायलर ओरडेल, नाहीतर कॉल मुकाट्याने उणे एक परत देईल. यूजर मोड आणि कर्नल मोडमधली जी रेघ पुस्तकात काढून दाखवतात, ती या पाच फायलींच्या मधून जाते.

एक्सव्ही६ मध्ये संसार मात्र थाटता येत नाही. ब्राउझर नाही, नेटवर्क नाही. राहायला जायचं तर बीएसडीकडे या. बर्कली विद्यापीठातल्या युनिक्सची ही पोरं. नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी १९९३ ची, ओपनबीएसडी १९९५ मध्ये थिओ द राट यांनी नेटबीएसडीतून वेगळी काढलेली. लिनक्स हा नुसता कर्नल, बाकीचं सामान उबुंटूसारखा ज्याचा तो डिस्ट्रो गोळा करतो. बीएसडीत कर्नल, कमांड आणि त्यांचे मॅन पेज (मशीनमध्येच असलेली माहितीपत्रकं) एकाच घरात, एकाच सोर्समध्ये तयार होतात. याचा अर्थ नवख्याला लवकर कळतो, कारण मॅन पेज वाचलं तर समोरची कमांड खरोखर तशीच वागते. तुम्ही सर्व्हरला जोडायला रोज जी एसएसएच वापरता, ती बहुतेक ठिकाणी ओपनएसएसएच असते, आणि ती ओपनबीएसडीच्याच लोकांनी १९९९ पासून चालवली आहे.

माझं मत विचाराल तर शिकायला ओपनबीएसडी आणि पोटापाण्याला फ्रीबीएसडी. ओपनबीएसडीचा इन्स्टॉलर साध्या अक्षरांत प्रश्न विचारतो, बहुतेकांना एंटर दाबलं तरी चालतं, आणि पंधरा-वीस मिनिटांत मशीन उभी राहते. दिसायला अगदीच रुक्ष. माझा रूममेट स्क्रीनकडे बघून म्हणाला होता, "हे काय करायलास रे? ह्याच्यानं नोकरी लागंल का?" पहिल्यांदा लॉगिन केल्यावर 'मॅन आफ्टरबूट' उघडा. नवीन मशीनवर काय काय तपासायचं, हे क्रमाने लिहिलेलं आहे. नेट नसताना सगळं मशीनमध्येच वाचायला मिळतं. हिंगोलीकडच्या एखाद्या गावात सुट्टीत बसून शिकणाऱ्याला याची किंमत कळेल.

आता आपल्या भागाच्या दोन अडचणी, ज्या पुण्या-बंगळुरूच्या माणसाच्या मार्गदर्शनात सापडत नाहीत.

पहिली लाइट. डेस्कटॉपला यूपीएस नाही आणि भरदुपारी वीज गेली, तर ओपनबीएसडीची फाइल सिस्टिम ते सहज पचवत नाही. तिला जर्नल, म्हणजे बदलांची आधी करून ठेवलेली नोंद, नाही. वीज आली की मशीन चालू होताना एफएससीके ही डिस्क दुरुस्त करणारी कमांड आपोआप सगळी डिस्क तपासते, आणि तिला स्वतःला निस्तरता आलं नाही तर स्क्रीनवर 'आपोआप तपासणी फसली' अशी ओळ येते आणि तिच्या शेवटी चक्क 'हेल्प' असं लिहिलेलं असतं. सिस्टिमच तुमच्याकडे मदत मागते. घाबरू नका, शेल मिळालेलं असतं. एफएससीके हाताने चालवा, दुरुस्तीच्या प्रश्नांना हो म्हणा आणि रीबूट करा. आयनोड (फाइलची डिस्कवरची नोंद) म्हणजे काय, लॉस्ट अँड फाउंडमध्ये फायली कुठून येतात, हे मला कॉलेजात कळलं नाही, लोडशेडिंगने शिकवलं. रोजचाच त्रास असेल तर फ्रीबीएसडी घ्या आणि इन्स्टॉल करताना झेडएफएस ही फाइल सिस्टिम निवडा. ती जुन्या ब्लॉकवर कधी लिहीत नाही. नवीन जागी लिहून मगच पत्ता बदलते, त्यामुळे वीज गेली तरी डिस्कवर आधीची धड अवस्था शिल्लक असते. रॅम मात्र ती जास्त खाते.

दुसरी अडचण इंटरनेट. लॅपटॉपचं वाय-फाय बीएसडीत चालेलच असं नाही. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि टेदरिंग चालू करा. ओपनबीएसडीत तो 'यूआरएनडीआयएस झिरो' नावाने दिसतो. फ्रीबीएसडीत 'इफ-यूआरएनडीआयएस' हे मॉड्यूल आधी लोड करावं लागतं, मग 'यूई झिरो' उगवतो. डीएचसीपीने पत्ता मागितला की काम झालं. ओपनबीएसडी असेल तर पुढे 'एफडब्ल्यू अपडेट' चालवून वाय-फायचं फर्मवेअर आणून बघा, कदाचित केबल सुटेल.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. हायकू देखणी आहे. बीओएस काढणारी बी ही कंपनी २००१ मध्ये पामने विकत घेतली, तेव्हा चाहत्यांनी ती सिस्टिम नव्याने लिहायला घेतली. अजून बीटाच आहे, पाचवा बीटा २०२४ मध्ये आला. सी++ आवडणाऱ्याने जरूर बघावी, कोड वाचायला स्वच्छ आहे, आणि फायलींवर चिकटवलेल्या माहितीवरून डेटाबेससारखा शोध घेता येतो. रिअ‍ॅक्टओएस विंडोजचे प्रोग्राम चालवायला निघालेली आहे, १९९० च्या दशकापासून चालू आहे आणि अजून अल्फा आहे. विंडोजच्या पोटातलं शिकायचं असेल तरच जा. कोलिब्रीओएस असेम्ब्लीत लिहिलेली, एका फ्लॉपीत मावते, एक रविवार मजेत जातो. रस्ट या भाषेत हात बसवायचा असेल तर रेडॉक्स आहे. मिनिक्स ३ आता जवळजवळ थंडावली आहे. तिची एक गोष्ट मात्र माहीत असू द्या. लिनस टॉरव्हॉल्ड्स ज्या मिनिक्सवर बसून लिनक्स लिहीत होते, तिचीच पुढची आवृत्ती इंटेलच्या चिपसेटमधल्या मॅनेजमेंट इंजिनमध्ये चालते, हे २०१७ मध्ये उघड झालं.

आणि प्लॅन नाईन. बेल लॅब्जमध्ये युनिक्स लिहिणाऱ्यांनीच नंतर ही लिहिली. फारसं कुणी वापरलं नाही, पण तुम्ही हा मजकूर वाचताय तो तिच्या कृपेने. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये यूटीएफ-८, म्हणजे मराठीसकट सगळ्या लिप्या बाइटमध्ये साठवायची पद्धत, बनवली ती प्लॅन नाईनसाठी. नाइनफ्रंट ही तिची आजची चालती शाखा क्यूएमयूमध्ये टाका. एका फाइलमध्ये फक्त 'नांदेड' लिहून शेवटी एंटर न मारता ती साठवा, आणि 'डब्ल्यूसी' कमांडला आधी बाइट मोजायला सांगा, मग रून (युनिकोडच्या एका चिन्हाला प्लॅन नाईन रून म्हणते). बाइट अठरा येतात, रून सहा. न, काना, अनुस्वार, द, मात्रा, ड, प्रत्येकी तीन बाइट. स्क्रीनवर मात्र आपल्याला तीनच अक्षरं दिसतात. तीन, सहा आणि अठरा यांतला फरक ज्याला कळला, त्याला सातबाऱ्यावरच्या किंवा मार्कशीटवरच्या नावाची मोडतोड कुठल्या टप्प्यावर होते हे शोधता येतं. सरकारी कामं घेणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत अशा माणसाची गरज कायम असते.

नोकरीचं खरं सांगायचं तर जाहिरातीत 'फ्रीबीएसडी पाहिजे' असं क्वचितच दिसेल. लिनक्स आलंच पाहिजे, त्याला इलाज नाही. पण या सिस्टिम दुसऱ्या नावांनी कामावर भेटतात. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स या फायरवॉल फ्रीबीएसडीवर उभ्या आहेत. जुन्या पीसीत दोन नेटवर्क कार्ड घालून त्या बसवणारे लघुउद्योग औद्योगिक वसाहतींत भेटतात. ज्युनिपरच्या राउटरचं जुनोस फ्रीबीएसडीतून आलं, नेटअ‍ॅपचं स्टोरेज तेच, नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पोचवणारे सर्व्हरही तेच. माझ्या रोजच्या कामातला एक नमुना सांगतो. मूळ पीएफमध्ये, म्हणजे बीएसडीच्या फायरवॉलमध्ये, नियम वरून खाली वाचले जातात आणि शेवटी जुळलेला नियम लागू होतो, 'क्विक' लिहिलेलं नसेल तर. पीएफसेन्सच्या स्क्रीनवर प्रत्येक इंटरफेसखाली टाकलेल्या नियमांना क्विक आपोआप लागतं, म्हणजे तिथं पहिला जुळलेला नियम जिंकतो. फ्लोटिंग, म्हणजे एका इंटरफेसला न बांधलेल्या, नियमांना ते आपोआप लागत नाही. नियम बरोबर दिसतोय, तरी ट्रॅफिक थांबत नाही, अशी तक्रार आली की मी आधी हेच बघतो. नुसत्या स्क्रीनवर क्लिक करायला शिकलेल्या माणसाला हे सुचायला दुपार जाते.

बायोडेटात म्हणून सात सिस्टिमची नावं ओळीने लिहू नका, मुलाखत घेणारा नेमकी तुम्हाला न येणारी विचारतो. त्याऐवजी केलेलं काम एका वाक्यात लिहा, "एक्सव्ही६ मध्ये प्राधान्यक्रमाचा शेड्युलर घातला," किंवा "फ्रीबीएसडीतल्या अमुक पोर्टची देखभाल करते." हे दुसरं वाटतं तितकं अवघड नाही. पोर्ट म्हणजे बाहेरचा एखादा प्रोग्राम फ्रीबीएसडीवर बसवायची कृती. फ्रीबीएसडीत हजारो पोर्ट आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच पोर्टना वाली नाही. आपण वापरतो तो एखादा छोटा प्रोग्राम बघायचा, नवीन आवृत्ती आली असेल तर पोर्ट अद्ययावत करायचं, तपासून बगझिला या त्यांच्या तक्रार-नोंदणीच्या साइटवर टाकायचं आणि जबाबदारी मागायची. कुणी डिग्री विचारत नाही, कॉलेज लातूरचं का मुंबईचं हेही विचारत नाही. पहिला पॅच दुरुस्त्या सांगून परत येतो, तो सगळ्यांचाच येतो. त्याहून सोपं हवं असेल तर आपल्या मशीनचं डीमेसेज (चालू होताना कर्नलने दिलेली हार्डवेअरची यादी) ओपनबीएसडीला ईमेलने पाठवा. कुठलं हार्डवेअर कुठं चालतं, हे त्यांना हवंच असतं. नवख्यांकडून ओपन सोर्सचं काम करवून घेणाऱ्या गूगल समर ऑफ कोड या उपक्रमात फ्रीबीएसडी, नेटबीएसडी आणि हायकू बऱ्याच वर्षी असतात. २०२२ पासून तिथं विद्यार्थीच असण्याची अट नाही, अठरा वर्षं पूर्ण आणि ओपन सोर्समध्ये नवखे असलात तरी अर्ज करता येतो. अर्जाआधी दोन-चार महिने तिथं छोटी कामं केलेली असली, तर अर्ज वाचणाऱ्याला तुमचं नाव ओळखीचं असतं.

राहिला मशीनचा प्रश्न. घरातल्या एकुलत्या लॅपटॉपवर थेट हे काही टाकू नका, त्यावर बहिणीचा अभ्यास आणि वडिलांचे फॉर्म असतात. आधी व्हर्च्युअल मशीन. मग जमलं तर ऑफिसातून निघालेला एखादा जुना बिझनेस लॅपटॉप घ्या. घेताना रंग, बॅटरी यांच्याआधी वाय-फाय कार्ड कुणाचं आहे ते बघा. इंटेलचं असेल तर बहुतेक वेळा चालून जातं. ब्रॉडकॉमचं असेल तर भाव आणखी पाडून मागा, आणि यूएसबीची एक चांगली केबल सोबत घ्या.