पेशीतल्या रेणूंची हालचाल लॅपटॉपवर: एम.एस्सी. प्रकल्पासाठी

सोलापुरातल्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक असो वा नसो, पायथन आणि साधा लॅपटॉप एवढ्यावर हा प्रकल्प उभा राहतो. पेशी घ्या ई. कोलाय या जिवाणूची: लांबी 2 मायक्रोमीटर, रुंदी 1. सोपेपणासाठी ती द्विमितीय आयत समजा. रेणू हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा, म्हणजे जीएफपीचा. पाण्यात त्याचा विसरण गुणांक D, म्हणजे तो किती झपाट्याने पसरतो त्याचं माप, सुमारे 87 चौरस मायक्रोमीटर दर सेकंद असतो, ई. कोलायच्या आत जेमतेम 7 ते 8. सायटोप्लाझममध्ये, म्हणजे पेशीतल्या द्रवात, गड्ड्याच्या यात्रेसारखी दाटी असते, म्हणून हा फरक. पाण्याचा आकडा उचलून पेशीत घातला की पुढचं सगळंच फसतं.

D = 7 धरा, काळाचा टप्पा Δt = 0.0001 सेकंद. प्रत्येक अक्षावरची ढांग सरासरी शून्य असलेल्या नॉर्मल वितरणातून काढा. तिचं प्रमाण विचलन √(2DΔt), म्हणजे 0.037 मायक्रोमीटर. इथे 2 विसरणारे पुष्कळ. 4 हा आकडा दोन्ही अक्ष मिळून येणाऱ्या सरासरी वर्ग विस्थापनाचा (t वेळात रेणू किती सरकला त्या अंतराच्या वर्गाची सरासरी): 4Dt. टप्पा बदललात तर ढांगही नव्याने काढा.

1000 रेणू, 5000 टप्पे पुरेत. सगळ्या जागा साठवल्या तरी 80 एमबीच होतात.

आधी भिंतींशिवाय चालवा. 1 मिलिसेकंदाला सरासरी वर्ग विस्थापन 0.028 चौरस मायक्रोमीटर आलं पाहिजे. ते जुळेपर्यंत पुढे जाऊच नका. मग भिंती बसवा. रेणूची जागा x त्या अक्षावरच्या पेशीच्या लांबीच्या, म्हणजे L च्या, पलीकडे गेली तर त्याला 2L − x वर परत आणा, शून्याखाली गेला तर चिन्ह बदला. बरेच जण क्लिप (हद्दीबाहेरचा आकडा हद्दीवर आणणारं फंक्शन) वापरून रेणूला भिंतीवरच थांबवतात. मग रेणूंच्या जागांच्या हिस्टोग्रामच्या दोन्ही टोकांना खोटे उंच खांब दिसतात. बरोबर चाललं असेल तर रेणू सगळीकडे सारखे पसरतात आणि सरासरी वर्ग विस्थापनाचा वेळेविरुद्धचा आलेख 0.83 चौरस मायक्रोमीटरच्या आसपास सपाट होतो.

ही सपाटी म्हणजे विसरण मंदावलं असं नव्हे, पेशी संपली. म्हणून D काढायला सरळ रेषा फक्त पहिल्या पाच टप्प्यांवर बसवा. तरीही भिंतींमुळे उत्तर 7 पेक्षा थोडं कमीच येईल.

प्रयोगाच्या व्हिडिओशी तुलना करताना जपा. दोन फ्रेममध्ये 10 मिलिसेकंद असतील तर तेवढ्यात रेणू भिंतींना धडकून आलेला असतो, आणि व्हिडिओतून थेट काढलेला D बराच कमी येतो. आपल्या मॉडेलमधलीही दर शंभरावी जागाच घ्या, प्रत्येक अक्षावर जागा मोजण्यातली चूक (समजा 0.03 मायक्रोमीटर) मिसळा, आणि मगच दोन आलेख एकमेकांवर ठेवा.