कुलपाचीही ओळ भरा

घरोघरी प्रवास-सर्वेक्षणाला (कोण कुठे, कशाने जातं ते विचारायला) निघताय, तर फॉर्म, ओळखपत्र, सोसायटीचं परवानगीपत्र वगैरे सांगायला नको. कुठल्या घरांत जायचं ती यादी मात्र आधी ऑफिसात काढा, गल्लीत उभं राहून नव्हे.

आता मुख्य गोष्ट. कुलूप दिसलं तरी त्या घराची ओळ वहीत भरायचीच. तारीख, वेळ, कुलूप की नकार, दारात दुचाकी आहे का. मागच्या वेळी पुण्यात आम्ही कुलूप दिसलं की शेजारची बेल वाजवली. फॉर्म वेळेत भरले, मला समाधान वाटलं. दुपारी सापडले ते निवृत्त लोक आणि गृहिणी. पहाटेच कंपनीच्या बसने चाकणला जाणारा किंवा दोन पीएमपी बस बदलून भोसरी गाठणारी, कुणीच नाही. फॉर्मवरून बांधलेल्या गणिती मॉडेलमध्ये बसचा वाटा पार घसरला, पायी चालण्याचा फुगला. कुलपांची नोंदच नव्हती, त्यामुळे किती आणि कोण सुटले हे सांगता येईना. सगळं पुन्हा करावं लागलं.

‘नंतर वय-लिंगानुसार वजनं लावू’, म्हणजे कमी सापडलेल्या गटाचे फॉर्म जास्त पटीने मोजू, असं कुणी म्हणेल. ऐकू नका. चाळिशीची घरी असलेली बाई चाळिशीच्या नोकरदार बाईच्या जागी चालत नाही. वजनाने तीच दुप्पट होते. साध्या मल्टिनॉमियल लॉजिटमध्ये (बस, दुचाकी, पायी यांतलं काय निवडलं जाईल ते सांगणारं मॉडेल) गळती फक्त प्रवासाच्या साधनानुसार असेल तर स्थिरांक, म्हणजे प्रत्येक साधनाचा ठरावीक आकडा, सुधारता येतात: नमुन्यातला वाटा भागिले शहरातला वाटा, त्याचा लॉगॅरिदम वजा करायचा. पण शहरातला खरा वाटा आणणार कुठून? २०११च्या जनगणनेत कामाला जाण्याचं साधन विचारलं होतं, तेही शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांना; पुण्यात मेट्रो आली २०२२ला. शिवाय जवळचे बसवाले सापडले आणि दूरचे तेवढे सुटले, तर प्रवासाच्या वेळेचा सहगुणकही (वेळेचा निवडीवर किती परिणाम होतो तो आकडा) वाकडा येतो. तो स्थिरांक हलवून सरळ होत नाही.

म्हणून तीन फेऱ्या. एक संध्याकाळी सातनंतर, एक रविवारी. कोण कितव्या फेरीत सापडलं ते लिहा आणि तिसरीतले पहिलीतल्यांशी ताडून पाहा. न सापडलेले कुठे झुकत असतील याचा थोडा अंदाज येतो. वॉचमनने फाटकावर अडवलं? तीही ओळ. ‘नंतर या’ म्हणाले? तीही ओळ.

एकानेच घरातल्या सगळ्यांचं सांगितलं तर खूण करा. मुलांच्या क्लासच्या फेऱ्या हमखास राहतात.

पुढे एंट्री, तपासणी, वजनं, मॉडेल, ते ठाऊक आहेच. फक्त संध्याकाळी गठ्ठे जमा करताना प्रत्येकाकडून आधी कुलपांची वही मागा, भरलेले फॉर्म नंतर.