घातांकी ऱ्हासाचे सूत्र बसवताना या चुका टाळा

घातांकी ऱ्हास म्हणजे समान वेळेत समान पटीने होणारी घट. खोलीचे तापमान २८ अंश सेल्सिअस असताना कपातील गरम पाण्याच्या नोंदी दर दहा मिनिटांनी ८०, ६६.५, ५६.५ आणि ४९.१ अंश अशा आल्या, असे समजू. स्प्रेडशीटमध्ये ‘एक्स्पोनेन्शियल ट्रेंडलाइन’ (नोंदींवर आपोआप बसवली जाणारी घातांकी वक्ररेषा) निवडली की रेषा या चारही बिंदूंच्या अगदी जवळून जाते आणि बहुतेक जण तिथेच समाधान मानतात. तीच रेषा पुढे वाढवून पाहिल्यास मात्र दीड तासाने पाणी सुमारे १८ अंशांवर, म्हणजे खोलीपेक्षाही थंड झालेले दिसते.

ट्रेंडलाइनचे सूत्र शून्याकडे उतरते, तर पाणी खोलीच्या तापमानाकडे उतरत असते. ही सर्वांत मोठी चूक आणि ती ओळखणे सोपे आहे. लागोपाठच्या नोंदींची गुणोत्तरे ०.८३, ०.८५, ०.८७ अशी वाढत असतील, तर वक्राला शून्याहून वेगळा तळ, म्हणजे शेवटी गाठायची पातळी, आहे असे समजावे. प्रत्येक नोंदीतून २८ वजा केल्यावर ५२, ३८.५, २८.५ आणि २१.१ उरतात आणि गुणोत्तर प्रत्येक वेळी ०.७४ येते. म्हणून तापमान = २८ + ५२ × (०.७४)^(मिनिटे ÷ १०). न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम तो हाच. खोलीचे तापमान थर्मामीटरने वेगळे मोजावे. अपुऱ्या नोंदींतून संगणकाला ते शोधायला लावल्यास तळ आणि वेग या दोन्ही संख्या एकमेकींना सांभाळून घेत चुकतात.

बहुपदीचा, म्हणजे वेळेच्या वर्ग-घनासारख्या पदांच्या बेरजेचे सूत्र बसवण्याचा, मोह त्याहून फसवा असतो. पहिल्या तीन नोंदींतून नेमका जाणारा पॅराबोला (वर्गपदापर्यंतच्या बहुपदीचा वक्र) चाळिसाव्या मिनिटाला ४७ अंश दाखवतो आणि साठाव्या मिनिटाला ५१.५, म्हणजे पाणी आपोआप तापू लागते!

पाणी आणि खोली यांच्या तापमानातील तफावतीचे लॉगरिथम घेतले की घातांकी वक्राची सरळ रेषा होते; ती बसवताना शेवटच्या बिंदूंना आंधळेपणाने समान महत्त्व देऊ नये. अर्ध्या अंशाची चूक ५२ अंशांच्या तफावतीत सुमारे १ टक्का असते, पण तफावत १ अंशच उरली असेल तर तीच चूक ५० टक्के होते.

सूत्र बसल्यावर मोजलेले आणि काढलेले तापमान यांतील फरकांचा स्वतंत्र आलेख काढावा. फरक शून्याच्या वर-खाली विखुरलेले न दिसता कमानीसारखे दिसले, तर सूत्राचा प्रकारच तपासावा लागतो. उघड्या कपात सुरुवातीला बाष्पीभवनामुळे पाणी या सूत्रापेक्षा झपाट्याने निवते. अशा वेळी सूत्रात आणखी पदे घालण्याऐवजी कपावर झाकण ठेवून नोंदी पुन्हा घ्याव्यात.